यशोगाथांतून गळालेली मधली वर्षे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षांचे निकाल लागले, एखादी मोठी स्पर्धा संपली किंवा नोबेल पारितोषिके जाहीर झाली, की वृत्तपत्रांतून जिद्द आणि चिकाटीच्या कथांचा हंगाम सुरू होतो, आणि आपल्या दैनिकाच्या पुरवण्याही त्याला अपवाद नाहीत. या कथा मी आवडीने वाचते, त्यांतल्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही एक वाचक म्हणून, आणि फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे रोज इतरांच्या चिकाटीशीच गाठ पडत असल्याने, या कथा ज्या पद्धतीने सांगितल्या जातात तिच्याविषयी माझी तक्रार आहे. पहिल्या परिच्छेदात हलाखी असते, शेवटच्या परिच्छेदात सत्कार असतो, आणि मधल्या दहा-बारा वर्षांच्या वाट्याला ‘पण त्यांनी जिद्द सोडली नाही’ एवढे एकच वाक्य येते. ज्याला स्वतःच्या कामात किंवा संसारात चिकाटी अंगी बाणवायची आहे, त्याला त्या मधल्या वर्षांत काय घडले हेच जाणून घ्यायचे असते. कथेतून गळालेले असते तेही तेवढेच.

अशा कथेतून वाचक सहसा दोनपैकी एक अर्थ काढतो. ही माणसे वेगळ्याच मातीची, आपला तो पिंड नव्हे, असे म्हणून तो पान उलटतो. नाहीतर दातओठ खाऊन कामाला लागतो आणि पंधरा दिवसांत दम तुटला की दोष स्वतःच्या स्वभावावर टाकतो. चिकाटी हा माणसाच्या स्वभावातला मोजता येणारा गुण आहे, ही समजूत अभ्यासकांमध्येही काही काळ फार जोरात होती. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘ग्रिट’ या नावाने ती मांडली, त्यासाठी प्रश्नावली तयार केली, आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतील सुरुवातीच्या खडतर उन्हाळी प्रशिक्षणात कोण टिकेल याचा अंदाज त्या प्रश्नावलीत मिळालेल्या गुणांवरून बऱ्यापैकी बांधता येतो, असे दाखवले. पुढे २०१७ साली मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ निरनिराळ्या गटांतील ६६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा हा गुण ‘कामसूपणा आणि शिस्त’ या मानसशास्त्राला आधीपासून ठाऊक असलेल्या गुणाहून फारसा वेगळा निघाला नाही आणि यशाशी असलेले त्याचे नातेही माफकच आढळले. त्यातही वर्षानुवर्षे आवड न बदलणे या भागापेक्षा हाती घेतलेल्या कामात कष्ट करत राहणे हा भाग अधिक उपयोगी ठरला. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की, कोणात किती चिकाटी आहे हे तपासत बसण्यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत टिकते आणि कोणत्या परिस्थितीत गळून पडते, याकडे बघणे जास्त फलदायी आहे.

माझ्या व्यवसायातले एक उदाहरण देते. खांदा आखडणे, म्हणजे ज्याला आता सगळेच ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात, हा विकार मधुमेह असलेल्यांमध्ये जास्त आढळतो आणि त्यातून पूर्ण बाहेर यायला वर्षापासून तीन वर्षांपर्यंतही काळ लागू शकतो. सुरुवातीला दुखणेच इतके असते की सांगितलेला व्यायाम सहसा कोणी चुकवत नाही. अडचण येते ती दुखणे कमी झाल्यावर. रात्री झोप लागू लागते, सदऱ्याच्या बाहीत हात जातो, पण तो डोक्यावर पुरता जात नाही आणि केसांतून फणी फिरवताना मान वाकवावी लागते. नेमके याच टप्प्यावर बरेच जण व्यायाम सोडतात आणि पुढच्या भेटीत ओशाळून सांगतात की, ‘काय करणार, माझ्यात चिकाटीच नाही.’ माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. दुखणे कमी झाल्यामुळे व्यायामाची निकड संपलेली असते आणि सुधारणा इतक्या संथपणे होत असते की ती खुद्द रुग्णालाही जाणवत नाही. कष्ट रोज समोर दिसत असताना फळ मात्र कुठेच दिसत नसेल, तर ते काम सोडावेसे वाटणे यात स्वभावाचा दोष तो कुठला?

म्हणून अशा रुग्णांना आम्ही एक साधे काम देतो. भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवरून चढवत हात वर न्यायचा आणि तो जिथपर्यंत पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख घालायची. ही रेघ आठवड्यातून एकदाच मारायची, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि व्यायाम करण्याआधी, कारण व्यायामानंतर सांधा तेवढ्यापुरता मोकळा झालेला असतो आणि रेघ उगाच वर जाते. सांध्याचा कोन मोजण्याचे आमचे जे उपकरण असते, त्या गोनिओमीटरनेही पाचेक अंशांचा फरक सहज पडू शकतो, तेव्हा लगतच्या दोन रेघांची तुलना करू नका, महिन्यापूर्वीची रेघ आणि आजची रेघ एवढेच बघा, हेही बजावून सांगावे लागते. या रेघांनी खांदा लवकर सुटतो असा माझा दावा नाही. व्यायाम चालू राहतो, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते. भिंत खराब होते अशी घरच्यांची तक्रार कानावर आली की व्यायाम नियमित चालला आहे हे मला न विचारताच कळते.

या अनुभवामागचे कारण शास्त्राने अलीकडे बरेच उलगडले आहे. स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग अनेकांना ऐकून माहीत असतील. विजेचे धक्के देताना काही कुत्र्यांना ते थांबवण्याची सोय ठेवलेली होती, तर काहींनी काहीही केले तरी धक्के थांबत नव्हते. या दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नाहीत. आपल्या धडपडीचा उपयोग नसतो हे ते शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि ‘शिकलेली हतबलता’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघा संशोधकांनी मेंदूवरील नंतरच्या अभ्यासाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा केला. दीर्घकाळ त्रास होत राहिला की निपचित पडून राहणे ही मुळातलीच प्रतिक्रिया असते, ती कोणाला शिकावी लागत नाही. आपल्या करण्याने फरक पडतो, हे मात्र अनुभवातून शिकावे लागते, असे त्यांनी लिहिले. आपल्याच नावावर जमा असलेला सिद्धान्त असा जाहीरपणे दुरुस्त करणे ही गोष्ट मला तरी कोणत्याही यशोगाथेइतकीच मोलाची वाटते.

हे मान्य केले तर कामाच्या ठिकाणी चिकाटी का टिकत नाही याचा शोध कर्मचाऱ्याच्या स्वभावात घेण्याची फारशी गरज उरत नाही. आठवडाभर खपून तयार केलेला अहवाल कोणी वाचला की नाही हे कळत नाही, दर तिमाहीला उद्दिष्टे बदलतात, अर्ध्यावर आलेले काम कारण न सांगता बाजूला ठेवले जाते आणि चांगले काम करणाऱ्याच्या टेबलावर आणखी कामाची भर पडते. अशा जागी काही वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या करण्याने फरक पडतो हा अनुभव मिळणार कुठून? मग वर्षातून एकदा त्याच कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून चिकाटीवर प्रेरणादायी व्याख्यान ऐकवले जाते. त्या खर्चाऐवजी वरिष्ठांनी हाती आलेल्या प्रत्येक अहवालावर दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सुरुवात केली, तर व्याख्यानाची गरज बरीच कमी होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता मधल्या वर्षांत काय घडते याविषयी. ब्रिटिश गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांची कथा चिकाटीचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडलेल्या आणि साडेतीनशे वर्षे कोणालाही न सुटलेल्या प्रमेयावर त्यांनी सात वर्षे एकट्याने, गुप्तपणे काम केले आणि १९९३ च्या जूनमध्ये केंब्रिज येथे सिद्धता मांडली. कथेत सहसा न येणारा भाग असा की, हे प्रमेय त्यांना वयाच्या दहाव्या वर्षापासून खुणावत होते, पण संशोधक झाल्यावर त्यांनी ते चक्क बाजूला ठेवले होते, कारण ते सोडवण्याचा विश्वासार्ह मार्ग त्या काळी दिसत नव्हता. १९८६ साली केन रिबेट या गणितज्ञाच्या कामामुळे हे प्रमेय दुसऱ्या एका मोठ्या प्रश्नाशी पक्के जोडले गेले आणि तेव्हा वाइल्स त्याकडे परतले. पुढे १९९३ मधल्या त्या सिद्धतेत तपासणीच्या वेळी एक गंभीर त्रुटी आढळली. ती दूर करण्यासाठी त्यांनी एकांत सोडून रिचर्ड टेलर या आपल्या माजी विद्यार्थ्याची मदत घेतली आणि वर्षभर झगडूनही यश येईना. अखेर १९९४ च्या सप्टेंबरमध्ये, आपली पद्धत नेमकी का चालत नाही एवढे तरी समजून घ्यावे म्हणून ते तिच्याकडे पुन्हा पाहत असताना, तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेली एक जुनी वाट आणि ही अडलेली पद्धत एकमेकींना पूरक आहेत हे त्यांच्या लक्षात आले.

या हकिगतीत न डगमगता एकाच दिशेने चालत राहणे फारच थोडे आहे. त्यात प्रश्न बाजूला ठेवणे आहे, परतणे आहे, मदत मागणे आहे, आणि टाकून दिलेल्या साधनाकडे नव्याने बघणे आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांच्या बाबतीतही हेच दिसते. १९९५ साली विद्यापीठात त्यांची पदावनती झाली आणि २०२३ साली त्यांना ड्र्यू वाइसमन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे दोन टोकांचे प्रसंग आता सर्वांना पाठ झाले आहेत. दरम्यान घडलेली खरी गोष्ट म्हणजे, आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिने बनवण्याची सूचना देणारा रेणू, पेशींत पोचवायचा कसा या प्रश्नावर अडून न बसता, शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर इतकी का चवताळते हा प्रश्न त्यांनी वाइसमन यांच्याबरोबर हाती घेतला, आणि आरएनएच्या एका घटकात बदल केल्यास हा दाह टळतो हे त्यांनी २००५ साली दाखवले. ध्येय तेच राहिले, प्रश्न मात्र बदलला.

माझ्या मते चिकाटीच्या सगळ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे खंड पडल्यानंतर पुन्हा सुरू करणे. एकवीस दिवस नेमाने केले की सवय जडते, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली नोंदवलेल्या एका निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाला सरावायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असे त्यांना दिसले होते. त्यातले ‘कमीत कमी’ वाटेत कुठेतरी गळाले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असे आढळले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची नोंद वेगळीच आहे: एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेत त्याने फारसा अडथळा येत नाही.

प्रत्यक्षात मात्र माणसे हरतात ती त्या चुकलेल्या एका दिवसापाशीच. नेम मोडला म्हणजे सगळेच बिघडले अशी समजूत असते, आणि यशोगाथांमधले ‘एकही दिवस खंड पडू दिला नाही’ हे वाक्य ती समजूत आणखी घट्ट करते. वास्तविक शरीर आणि मेंदू दोघेही केलेल्या श्रमाचा हिशेब ठेवतात. व्यायामाने कमावलेली ताकद खंडामुळे घटली, तरी पुन्हा सुरुवात केल्यावर ती पहिल्यापेक्षा लवकर परत येते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर १८८५ साली विस्मरणाचे मोजमापच या तत्त्वावर केले होते: पूर्वी पाठ केलेली आणि आता आठवत नाही असे वाटणारी निरर्थक अक्षरगटांची यादी पुन्हा पाठ करायला पहिल्याहून किती कमी वेळ लागतो, ते त्याने मोजले. वेळेची ही बचत बऱ्याच दिवसांनंतरही शिल्लक असते. तंबाखू सोडणाऱ्या बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावे लागतात, आणि मोडलेल्या प्रत्येक प्रयत्नाला अपयश म्हणायचे की पुढच्या प्रयत्नाची तयारी, यावर पुढचे बरेच काही ठरते.

यासाठी मी माझ्याकडे येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी खंडाची योजना लिहायला लावते. प्रवास निघाला, घरात आजारपण आले, कार्यालयातून उशीर झाला, तर त्या दिवशी निदान किती करायचे आणि नेम मोडलाच तर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पुन्हा सुरू करायचे, हे आधीच कागदावर उतरलेले असावे. ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ अशा नेमक्या शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी अधिक वेळा पार पडते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे, आणि पुढे २००६ साली ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही या साध्या युक्तीचा परिणाम चांगलाच ठळक दिसला.

व्यक्तिगत आयुष्यातील चिकाटीविषयी लिहिताना मात्र हात जरा आखडता घ्यावा लागतो, कारण तिथे समोर दगड किंवा गणित नसते, स्वतःची इच्छा असलेले दुसरे माणूस असते. वयात आलेला मुलगा एकाक्षरी उत्तरे देतो आहे म्हणून त्याला रोज खोदून खोदून विचारत राहणे याला चिकाटी म्हणत नाहीत. तो बोलेल तेव्हा हातातले काम ठेवून ऐकायला आपण हजर असू, आणि आज तो बोलला नाही याचा राग उद्यावर नेणार नाही, ही गोष्ट दिसायला निष्क्रिय वाटली तरी महिनोन्महिने निभावणे फार कठीण असते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलीची चिकाटीही अशीच, जिच्या शेवटी कोणतेही पदक नसते आणि बऱ्याचदा सुधारणेची रेघही नसते. तिथे टिकायचे तर आठवड्यातला अर्धा दिवस तिची जागा दुसऱ्या कोणीतरी घेणे याला पर्याय नाही, आणि बाकीच्या भावंडांनी तिच्या सहनशीलतेचे कौतुक करण्यापेक्षा तो अर्धा दिवस वाटून घ्यावा. याच संदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. एखाद्या व्यक्तीने नकार दिल्यानंतरही तिच्या मागे लागत राहणे याला चिकाटी म्हणून गौरवण्याची वाईट खोड आपल्या करमणुकीच्या माध्यमांना आहे. तो छळ आहे, आणि वृत्तपत्रांनी तरी त्याला दुसरे नाव देऊ नये.

कुठे थांबावे हा प्रश्न यातूनच पुढे येतो. इतकी वर्षे घातली, इतका पैसा ओतला, आता सोडायचे कसे, हा विचार चिकाटीचा वेश घेऊन येतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली नोंदवलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना अचानक सवलत देण्यात आली, तर इतरांनी पूर्ण किंमत मोजली. नाटके तीच, प्रेक्षकही साधारण सारख्याच आवडीचे; तरी पूर्ण किंमत मोजलेल्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात अधिक हजेरी लावली. गेलेला पैसा माणसाला खेचून नेतो तो असा. मला उपयोगी वाटणारी कसोटी इतकीच आहे की, आजवर काहीच केले नसते आणि आज नव्याने ठरवायचे असते तर हे काम मी हाती घेतले असते का, असे स्वतःला विचारावे. आणि हा प्रश्न थकलेल्या रात्री न विचारता, आधीच ठरवून ठेवलेल्या तारखेला विचारावा.

मुलांना चिकाटी कशी शिकवावी असे पालक नेहमी विचारतात, म्हणून एका प्रयोगाचा उल्लेख करते. २०१७ साली ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी साधारण सव्वा वर्षाच्या बाळांसमोर मोठ्या माणसाला डब्यातून खेळणे काढण्याची खटपट करायला लावली. काही बाळांनी ही खटपट पाहिली, काहींनी ते खेळणे विनासायास निघालेले पाहिले. नंतर हाती दिलेल्या, दाबूनही न वाजणाऱ्या खेळण्याचे बटण खटपट पाहिलेल्या बाळांनी जास्त वेळा दाबले. आपण आपल्या अडचणी मुलांपासून लपवून फक्त फत्ते झालेली कामे त्यांच्यासमोर आणतो. बहुतेक यशोगाथाही वाचकांशी तसेच वागतात.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यशस्वी व्यक्तींच्या मुलाखती जरूर छापाव्यात, पण मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांना काम किती वेळा आणि किती काळ बंद पडले, पुन्हा सुरू करताना पहिली गोष्ट कोणती केली, कोणती पद्धत टाकून दिली, त्या काळात घरखर्च कोणी चालवला, हे आवर्जून विचारावे. त्याचबरोबर ज्यांचे काम अजून अर्ध्यावर आहे, ज्यांना यश मिळेल की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, अशा माणसांच्या नोंदींसाठीही पुरवणीत नियमित जागा असावी. माझ्याकडे उपचार घेणाऱ्यांपैकी काहींनी संमती दिल्यास, त्यांची नावे न देता अशा एक-दोन नोंदी लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट